पेटीवरचे दोन खरे आकडे

आजचा विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना दोन-तीन फोन आले म्हणे, की सरांच्या नावापुढे भलत्याच कुणाच्या व्याख्यानाचं शीर्षक पडलंय का? नाही, तसं काही नाही. पाण्यानं थंड होणाऱ्या संगणकाला पंखा कोणता घ्यावा, हाच आजचा विषय आहे.

गेल्या वेळी आपण ‘प्रमाण’ या कल्पनेवर बोलत होतो. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून मानायचं, असा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एक तरुण मुलगा भेटला. लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करतो. सिडकोत दोन खोल्यांचं घर. लग्नसराईत त्याचा संगणक रात्रभर काम करत असतो आणि त्याच खोलीत त्याची आजी झोपते. आवाज कमी व्हावा म्हणून त्यानं पैसे साठवून लिक्विड कूलर घेतला. आवाज काही कमी झाला नाही. आता दुकानदार म्हणतो, पंखे बदल. त्यानं मला विचारलं, "सर, पंख्याच्या पेटीवर जे आकडे छापलेले असतात, ते प्रमाण मानायचे का?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात फार थोड्या वेळा विचारला गेला. कारण त्याचं उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. आकडे खरे असतात, पण कुठल्या अटीवर खरे असतात ते पेटीवर लिहिलेलं नसतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पाण्यानं थंड होणारा संगणक म्हटलं की लोकांना वाटतं, पाणी उष्णता संपवतं. पाणी काही संपवत नाही. ते हमाल आहे. प्रोसेसरच्या डोक्यावरून उष्णता उचलायची, नळीतून रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथे ठेवायची, एवढंच त्याचं काम. पुढे ती उष्णता खोलीत सोडण्याचं काम हवेचंच. मोठ्या यंत्रांतही पाण्याकडे हमालीच असते. पुण्यात सी-डॅकनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. आज त्याच मालिकेतला परम ब्रह्म पुण्याच्या आयसरमध्ये आहे आणि त्याच्या प्रोसेसरांवरून थेट द्रव फिरवून तो थंड ठेवतात. (आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि परम ब्रह्म शेवटी पाषाणला सापडलं, असं मी मित्रांना सांगत असतो.) त्या द्रवानं उचललेली उष्णतासुद्धा अखेर इमारतीबाहेरच्या हवेतच जाते.

म्हणजे पंखा सुटत नाही. आणि दुसरी गोष्ट, जगातला कुठलाही पंखा रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात दुपारी खोलीत ३६ अंश असतील, तर पाणी त्याच्या वरच राहणार. पंख्याच्या हातात एवढंच आहे की ते ‘वर’ म्हणजे पाच अंश की पंधरा अंश.

आता पेटीकडे येऊ. पंख्याच्या पेटीवर साधारण चार आकडे असतात. मिनिटाला किती फेरे, म्हणजे आरपीएम. मिनिटाला किती घनफूट हवा, म्हणजे सीएफएम. स्टॅटिक प्रेशर, म्हणजे दाब, तो मिलिमीटर पाण्यात मोजतात. आणि आवाज, डेसिबलमध्ये. एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा १२० मिलिमीटरचा एनएफ-ए१२एक्स२५ हा पंखा. कंपनी सांगते: जास्तीत जास्त २००० फेरे, सुमारे ६० सीएफएम हवा, २.३४ मिलिमीटर दाब. हे आकडे खोटे नाहीत. पण गंमत बघा. ६० सीएफएम हवा कधी मिळते? पंख्यापुढे-मागे काहीच अडथळा नसतो तेव्हा. म्हणजे जेव्हा दाब शून्य असतो. आणि २.३४ मिलिमीटर दाब कधी मिळतो? पंख्याचं तोंड पूर्ण बंद केलेलं असतं तेव्हा. म्हणजे जेव्हा हवा शून्य असते. दोन्ही आकडे खरे, पण एका वेळी दोन्ही खरे कधीच नसतात! एकाच पेटीवर शेजारी शेजारी छापल्यामुळे आपल्याला वाटतं की विकत घेतला की दोन्ही मिळाले.

आपल्या न्यायदर्शनात याला फार सुंदर शब्द आहे, ‘उपाधी’. जिथे धूर तिथे अग्नी, हे नेहमी खरं. पण उलटं, जिथे अग्नी तिथे धूर, हे नेहमी खरं नाही. तापवून लाल केलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? कारण इंधन ओलं आहे. ओलं इंधन ही उपाधी, लपलेली अट. पेटीवरच्या ६० सीएफएमलाही अशीच एक लपलेली अट आहे: ‘समोर काही नसेल तर’. आणि आपण तर पंखा रेडिएटरला चिकटवून बसवणार! समोर काहीतरी असणारच.

रेडिएटर म्हणजे सपाट नळ्या आणि त्यांच्यामध्ये दाटीनं उभ्या केलेल्या बारीक पत्र्या. मोटारीच्या पुढे असते तशी जाळी, फक्त लहान. एका इंचात दहा-बारा पत्र्या असतील तर ती विरळ म्हणायची, वीसच्या आसपास असतील तर दाट. तयार लिक्विड कूलरची जाळी बहुधा दाट असते. हवा त्यातून ढकलायची तर दाब लागतो. जितकी जास्त हवा ढकलाल तितकी जाळी जास्त विरोध करते, आणि जितका विरोध जास्त तितकी पंख्याची हवा कमी होते. या दोघांची तडजोड जिथे होते, तिथे प्रत्यक्ष हवा ठरते. ती पेटीवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आली तर आश्चर्य मानू नका.

म्हणून निवडीची पहिली खूण अशी: जाळी दाट असेल तर सीएफएमच्या मोठ्या आकड्यावर भुलू नका, दाबाचा आकडा बघा. जाळी विरळ असेल तर हा भेद पुष्कळ पुसट होतो आणि महागडा पंखा घेण्याचं कारणही पुसट होतं. चांगल्या रेडिएटर-पंख्याची पाती रुंद असतात आणि पात्याचं टोक व चौकट यांतली फट अगदी कमी असते. वर सांगितलेल्या पंख्यात ती अर्धा मिलिमीटर आहे. फट मोठी असली की दाबलेली हवा तिथूनच मागे पळते. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्येही फट नको. नाहीतर पंखा हवा फेकतो ती जाळीतून न जाता कडेनं निसटते आणि कॅबिनेटमध्येच गोल गोल फिरत राहते.

किती हवा लागते, हे आपण स्वतः काढू शकतो. कंटाळा करू नका, अंकगणित शाळेतलंच आहे. समजा तुमचा प्रोसेसर कामाच्या भरात २०० वॉट उष्णता टाकतो, म्हणजे सेकंदाला २०० ज्यूल. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. इथली हवा मुळात विरळ, त्यात मे महिन्याची दुपार, ३८ अंश. अशा हवेचा एक घनमीटर एका अंशानं तापायला सुमारे १०६० ज्यूल लागतात. पेटीवरचे आकडे ज्या प्रमाणित हवेसाठी असतात, तिच्यापेक्षा ही हवा सुमारे १२ टक्के हलकी आहे. म्हणजे प्रत्येक घनफूट १२ टक्के कमी ओझं उचलणार. रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवा सहा अंशांनी तापलेली असावी असं धरू. मग २०० भागिले १०६० गुणिले सहा. उत्तर येतं सेकंदाला ०.०३१ घनमीटर, म्हणजे सुमारे ६६ सीएफएम. दोन पंखे असतील तर प्रत्येकी ३३. ही हवा जाळीतून खरोखर गेलेली असायला हवी. ६०चा पंखा दाट जाळीवर पूर्ण वेगानं पळवला की साधारण तिथे पोचतो. मोकळ्या हवेतला आकडा बघून तुम्ही ३५ सीएफएमचा पंखा आणलात, तर जाळीपुढे तो अपुरा पडेल.

आता आवाज. मला आणि बहुधा त्या आजींनाही यातच खरा रस.

पंख्याचे तीन नियम आहेत. ते पाठ केले तर दुकानात तुम्हाला कुणी गुंडाळू शकणार नाही. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते. दाब एक चतुर्थांश होतो. आणि पंख्याला लागणारी वीज एक अष्टमांश. आवाजाचं म्हणाल तर वेग निम्मा केल्यावर तो साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळपास अर्धा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे वेगात थोडी काटकसर केली की आवाजात मोठी बचत होते. १२०० फेऱ्यांवरून ९००वर या. हवा एक चतुर्थांश गेली, आवाज मात्र सहा डेसिबल उतरला.

याच हिशेबानं आणखी एक गोष्ट बघा. दोन पंख्यांचा २४० मिलिमीटरचा रेडिएटर, पंखे १३५० फेऱ्यांवर. त्याऐवजी तीन पंख्यांचा ३६०चा रेडिएटर, तसेच पंखे ९०० फेऱ्यांवर. एकूण हवा तेवढीच. एक पंखा वाढल्यामुळे आवाज पावणेदोन डेसिबल वाढला, पण वेग घटल्यामुळे जवळपास नऊ उतरला. निव्वळ सात डेसिबलचा फायदा, शिवाय जाळीचं क्षेत्रफळ दीडपट. माझं मत विचाराल तर अजून खरेदी झालेली नसेल आणि कॅबिनेटमध्ये जागा असेल, तर पैसा रेडिएटरच्या आकारात घालावा. साधेच पंखे हळू चालवावेत. लहान रेडिएटर आणि राजेशाही पंखे हा उलटा व्यवहार आहे. पण लोक तोच करतात, कारण पंखा डोळ्यांना दिसतो. त्यात हल्ली दिवेसुद्धा असतात.

पेटीवरच्या डेसिबलबद्दल एकच सांगतो: दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. किती अंतरावरून मोजलं, कसल्या खोलीत मोजलं, हे सगळ्यांचं एक नसतं. आणि पंखा मोकळा ठेवून मोजला असेल तर जाळीवर बसवल्यावर त्याचा आवाज वेगळा होतो, बहुधा वाढतोच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डेसिबल हा किती आवाज ते सांगतो, कसा आवाज ते सांगत नाही. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. गुणिले सात पाती, म्हणजे सेकंदाला १४० वेळा पातं एकाच जागेवरून जातं. गाणाऱ्या मंडळींनी कान टवकारावेत: ही जवळपास काळी एक झाली. अनेक पुरुष गायकांचा षड्ज! तुमच्या टेबलाखाली कुणीतरी रात्रभर ‘सा’ लावून बसलंय. शेजारी दुसरा पंखा आहे, तो १२१५ फेऱ्यांवर. त्याचा स्वर किंचित चढा. तानपुऱ्याची जोडीची तार जरा उतरली की जी लहर ऐकू येते, तशीच लहर इथे सेकंदाला पावणेदोन वेळा उठते. शास्त्रात त्याला विस्पंद म्हणतात. मैफिलीपूर्वी तीच लहर घालवायला कलाकार खुंट्या पिळत बसतात. इथे दोन्ही पंखे आपापले फिरतात, जुळवणार कोण? एका पंख्याचा वेग थोडा कमी-जास्त करून बघा, लहर मोडते. त्यासाठी पंखा चार तारांच्या जोडणीचा, म्हणजे पीडब्ल्यूएमचा हवा. त्याचा वेग बारकाईनं ठरवता येतो आणि बराच खालीही नेता येतो. चार तारा नसलेला पंखा घेऊ नका, ही मी शिफारस म्हणून नाही, अट म्हणून सांगतो.

आणि आता त्या खोलीतल्या झोपेचं. झोपलेल्या माणसाला जाग कशानं येते? पावसाळ्यात कौलांवर रात्रभर पाऊस वाजतो, आपण झोपतो. पाऊस थांबला की जाग येते. मोडतो तो बदल. त्या मुलाच्या संगणकात पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले होते. प्रोसेसरचं तापमान क्षणात पंधरा अंश चढतं, क्षणात उतरतं. त्याबरोबर पंखे उसळत होते, बसत होते, पुन्हा उसळत होते. हे हवेवर थंड होणाऱ्या संगणकात चालून जाईल, पण पाणी असताना त्याची गरजच नाही. अर्धा लिटर पाणी फिरत असेल, तर २०० वॉटला ते एका अंशानं तापायला दहा सेकंद लागतात. तयार कूलरमध्ये पाणी कमी असतं, तरी प्रोसेसरइतकं उतावळं ते नसतंच. म्हणून पंखा पाण्याच्या तापमानाला बांधा. तशी सोय तुमच्या कूलरमध्ये नसेल, तर बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्यापूर्वीचा विलंब वाढवा आणि चढण सावकाश ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

नाशिकच्या ऋतूंनीही आपल्याला थोडी मदत केली आहे. एप्रिल-मेमध्ये संगणकाच्या पंख्याला जोरात पळावं लागतं, पण तेव्हा छताचा पंखा पाचवर असतो; टेबलाखालचा आवाज त्यात बुडून जातो. डिसेंबरात छताचा पंखा बंद, खोली शांत, टाचणी पडली तरी ऐकू येईल. पण तेव्हा हवाही थंड असते. निफाडकडची थंडी तुम्हाला माहीत आहेच. त्या हवेत सातशे-आठशे फेरे पुरतात. एकच सेटिंग बारा महिने ठेवणाऱ्याला दोन्ही ऋतूंत त्रास होतो. मी तरी उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं असे दोन आलेख साठवून ठेवायला सांगतो. अवघड आहे ते एसीच्या खोलीत, किंवा घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचं. त्यांना बारा महिने शांतता हवी असते. त्यांनी मोठ्या रेडिएटरचा विचार जरूर करावा.

विकत घेण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी. एक, आवाज पंख्याचाच आहे का, हे आधी बघा. संगणकावर काही काम चालू नसताना पंखे अर्धा मिनिट थांबवा आणि ऐका. तरीही गुणगुण येत असेल तर तो पंप आहे. खळखळ येत असेल तर पाण्यात हवेचा बुडबुडा अडकलाय. पंप सगळ्यात उंच जागी आला असेल तर असं होतं. रेडिएटर वर बसवला की हवा तिथे जाऊन बसते. दुसरी गोष्ट धूळ. आपल्याकडच्या घरात धूळ कोरडी नसते. फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर यांनी ती चिकट होते आणि पत्र्यांमध्ये नमद्यासारखी बसते. जाळी अशी बुजली की सर्वोत्तम पंखाही नुसता ओरडतो. मऊ ब्रशनं साफ करा. ब्लोअर मारणार असाल तर पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं पंखा भलत्या वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडू शकतं. त्या मुलाच्या रेडिएटरवर दोन वर्षांची धूळ होती. ती काढली, पंख्यांचा वेग ९५०वर बांधला, पाणी चार-पाच अंशांनी जास्त गरम राहतं. राहू दे. प्रोसेसर त्याला व्यवस्थित सोसतो.

बेअरिंगचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. साध्या बुशचा पंखा स्वस्त असतो, पण छताला समांतर आडवा बसवला की लवकर खरखरायला लागतो. बॉल बेअरिंग टिकतं, मात्र हळू वेगातही त्याची बारीक किरकिर येते. द्रवाच्या थरावर फिरणारं बेअरिंग शांतही असतं आणि टिकतंही. ज्याला झोपायच्या खोलीत पंखा ठेवायचा आहे त्यानं तेच घ्यावं.

आता प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलंय, उन्हाळ्यात संगणक डेझर्ट कूलरसमोर ठेवला तर? ताई, फायदा होतो. खोलीतली हवा जितकी थंड, तितकं पाणी थंड. दमट हवेनं रेडिएटरवर दव धरेल ही भीती नको, कारण रेडिएटर हवेपेक्षा गरमच असतो. दव थंड वस्तूवर धरतं. फक्त कूलरचे तुषार संगणकापर्यंत येऊ देऊ नका. बोअरच्या पाण्यातले क्षार आत जाऊन बसले तर पंखा बदलून भागणार नाही.

मागून प्रश्न आलाय, पंखा जाळीवर हवा फेकणारा बसवावा की जाळीतून ओढणारा? थंडाव्यात फरक किरकोळ आहे. सफाईत आहे. फेकणारा असेल तर धूळ पंखा आणि जाळीच्या मध्ये जमते, दर वेळी पंखा सोडवावा लागतो. ओढणारा असेल तर ती जाळीच्या उघड्या बाजूवर जमते, ब्रश फिरवला की झालं. आणि पंखा कुठल्याही बाजूला लावा, स्क्रू रेडिएटरबरोबर आलेलेच वापरा. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला स्क्रू तीन-चार मिलिमीटर लांब निघाला तर तो सरळ पाण्याच्या नळीत घुसतो.